आबांचा वस्तरा

अर्धांगवायूने आबा न्हाव्यांचा उजवा हात गेला, तेव्हापासून दुकान बंद होतं आणि त्यांचा वडिलोपार्जित वस्तरा पेटीत गंजत पडला होता. त्यांच्या मुलीने, वैजंताने, आठ दिवस दगडावर घासून धारेची खाच काढली, मग चामड्याच्या पट्ट्यावर पातं परजलं.

“आधी माझ्यावर चालव,” म्हणत आबांनी मान मागे टाकली.

बाईमाणसाचं काम नाही म्हणून त्यांनी तिला कधी वस्तऱ्याला हात लावू दिला नव्हता. आता तोच वस्तरा त्यांच्या साबण लावलेल्या गळ्यावर टेकला होता. तेवढ्यात त्यांनी आवंढा गिळला. वैजंताचा हात जागीच थांबला.

“भिऊ नको. कातडं ताणून धर.”

तिने श्वास रोखून पातं हनुवटीपर्यंत नेलं. कुठेही रक्त आलं नाही.

आबांनी डाव्या हाताने गळा चाचपला.

“दुकानाची किल्ली देवळीत आहे,” ते म्हणाले.