आवाज येतोय का

“ही पँट कुणाची? मालक फारच बुटका दिसतोय,” ऑक्सिजनचा मास्क जरासा बाजूला करून वडील म्हणाले.

“बाबा, मास्क लावा आधी.” मुलीने शिलाई मशीनवरचा पाय काढला. गिऱ्हाइकाच्या पँटची मोहरी दुमडून शिवत होती ती. समोर रिळांना टेकवून फोन उभा. बाबा होते त्या हॉस्पिटलात भेटायला बंदी होती, म्हणून तिथे प्रत्येक खाटेपाशी एक टॅब दिलेला होता. हल्ली जेवायलाही आई, बाबा आणि ती असेच एकत्र बसत.

वडील हसले, हसता हसता खोकले, आणि चित्र एकदम कलंडलं. नुसतं पांढरं छत. पाठोपाठ कसलासा गजर वाजू लागला. धावती पावलं. “पडदा ओढा,” कुणीतरी म्हणालं.

“बाबा?”

आतून आई ओल्या हातांनीच बाहेर आली. “काय झालं?”

“टॅब पडला वाटतं.”

“मग उचलत का नाहीत ते?”

आई शिवायला आलेल्या कपड्यांच्या ढिगावरच टेकली. तिकडे माणसं तुटक तुटक बोलत होती. “बाजूला व्हा.” “परत एकदा.” “परत.” मग गजर थांबला.

“थांबलं ना ते?” आईने विचारलं. “हे चांगलं असतं की वाईट?”

“वेळ लिहून घ्या,” एक पुरुषी आवाज म्हणाला.

“कसली वेळ गं?”

मुलीने फोन दोन्ही हातांनी उचलून धरला. आईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने छत हललं. हातमोजा घातलेला हात आला, नर्सचं कपाळ आलं, आणि मग मास्क लावलेले वडील. डोळे उघडे.

आईला रडू फुटलं आणि त्यातच ती हसू लागली. “अहो, जीव घेतलात माझा. मला वाटलं, तुम्हीच. सुटले बाई. दुसऱ्याच कुणाचं होतं ते.”

वडिलांनी घाईघाईने मास्कवर बोट ठेवलं. “हळू,” ते पुटपुटले. “त्याचाही टॅब चालू आहे.”

आईचं हसू तिथेच विरलं. पडद्यापलीकडून एका बाईचा बारीक आवाज येत होता. “अहो, आवाज येतोय का माझा? बोला ना काहीतरी.”

त्या बाईशी बोलायला डॉक्टरच हवेत म्हणून नर्स त्यांना बोलवायला धावली. वडिलांनी आपला टॅब पडद्याकडे वळवला. मुलीने नको नको म्हणून मान हलवली, पण आईने फोन ओढून तोंडाशी धरला.

“ताई, मी शेजारच्या बेडवाल्यांची बायको. घरूनच बोलतेय.”

“हे बोलत का नाहीत हो? तुम्हाला दिसतायत का?”

“नाही. मला नुसता पडदा दिसतोय,” आई म्हणाली. “पण मी फोन ठेवत नाही. घरात कुणी आहे का तुमच्याजवळ? त्यांना जरा शेजारी बसवून घ्या.”