नुसती ज्योत

"छान ऊब येतेय हं," म्हातारा म्हणाला आणि दोन्ही हात शेकोटीसमोर धरून बसला.

दुकानाच्या त्या कोपऱ्यात विजेच्या सात-आठ शेकोट्या मांडून ठेवल्या होत्या. मुलाने बापाला बसायला खुर्ची ओढून दिली, ती नेमकी शेवटच्या, काळ्या, चार पायांच्या शेकोटीसमोर आली. काचेमागे खोटे ओंडके लाल होत होते, ज्वाळा डुलत होत्या. मुलगा आणि सून जरा पलीकडे दुकानातल्या बाईंना प्रश्न विचारून भंडावत होते.

खरं सांगायचं तर म्हाताऱ्याला ऊब-बीब काही आली नव्हती. पण गेल्या महिन्यात कानाच्या मशीनच्या दुकानात त्याने नाक मुरडलं होतं. हे टोचतं, ते खरखरतं. तेव्हा परत येताना सुनेने गाडीत ऐकवलं होतं, "बाबांना काही पसंत पडेल तर शपथ." मशीन राहिलं ते राहिलंच. म्हणून या खेपेला समोर येईल त्याला छान म्हणायचं, असं तो घरूनच ठरवून निघाला होता. मागच्या खोलीत पहाटे त्याचे पाय बधिर व्हायचे, चोळून चोळून हात दुखायचे. शेकोटी त्याला हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. उगाच मोडता घालून हातची घालवायची नव्हती.

मुलाचं घोडं अडलं होतं ते वायरवर. मागच्या खोलीतला प्लग जुना, हीटर लावला की फ्यूज उडणार, असं वायरमन सांगून गेला होता. जाड वायर ओढायची तर हॉलची भिंत खणावी लागणार. आणि हॉलला नुकताच रंग दिलेला. तोही साधासुधा नव्हे. सुनेने तीन आठवडे भिंतीवर नमुने चिकटवून, उन्हात बघून, दिव्यात बघून पसंत केलेला.

"आम्हाला जमिनीवर नुसती ठेवायचीच हवी," सून सांगत होती. "भिंतीला हात लागता कामा नये."

"ही ठेवायचीच आहे, मॅडम. पण ऊब हवी असेल तर जाड वायर लागणारच."

नेमकं तेव्हाच म्हाताऱ्याने ते वाक्य टाकलं होतं.

बाई वळल्या. जवळ येऊन त्यांनी वाकून बघितलं. "काका, हिची ऊब बंद आहे. नुसती ज्योत लावलीय. आत दिवा असतो, बाकी काही नाही."

तीस वर्षं हा माणूस काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. दहा पावलांवरून, गालाला लागणाऱ्या झळेवरून भट्टी किती तापलीय ते सांगायचा, आणि साहेबांचं मीटर मागाहून तेच दाखवायचं. तो आज दिव्यापुढे हात शेकताना सापडला. त्याचे कान तेवढे गरम झाले.

मुलगा हसला. सून हसली नाही. ती विचार करत होती.

"नुसत्या ज्योतीला किती वीज लागते हो?"

"बल्बएवढी. कुठल्याही प्लगवर चालते."

"ऐकलंत का," सून नवऱ्याला म्हणाली, "बाबांना एवढ्यानेही बरं वाटतंय. शेवटी मनाचंच असतं सगळं."

मुलाचा जीव भांड्यात पडला. तसं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसलं. "बाबा, खरंच ऊब वाटली ना तुम्हाला?"

'नाही रे, उगाच म्हणालो,' एवढंच म्हणायचं होतं. फार तर सगळे पुन्हा एकदा हसले असते. पण मग ती भिंत, तो रंग, ते कानाचं मशीन, सगळं गाडीत नव्याने निघालं असतं. म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. मुलाला उत्तर केव्हाच मिळालं होतं; विचारायचं म्हणून विचारत होता तो.

"वाटली की," म्हातारा म्हणाला.

"पण काका, थंडीच्या दिवसांत..." बाईंनी सुरुवात केली.

"ऊब लॉक करता येते का हिची?" सुनेने विचारलं. "बाबांनी चुकून बटण दाबलं, तर घरभर अंधार व्हायचा."

"येते," बाई जरा थांबून म्हणाल्या.

"मग हीच द्या."

मुलाने फोन काढला. "ताईला फोटो पाठवू. बाबांच्या खोलीवरून पंधरा दिवस डोकं खाल्लंय तिने. बाबा, हात करा पुढे. मघाशी केले होते तसे."

म्हाताऱ्याने हात पुढे केले. हसा म्हटल्यावर हसला. फोटो चांगला आला. ज्वाळांचा तांबूस उजेड गालांवर पडला होता. मिनिटभरात उत्तर आलं आणि मुलाने ते मोठ्याने वाचून दाखवलं, "बाबांचा चेहरा बघ कसा खुललाय. आता मी निर्धास्त झाले."

मग ती दोघं पैसे भरायला काउंटरकडे गेली. म्हाताऱ्याचे हात अजून तसेच पुढे होते. बाईंनी एकदा काउंटरकडे बघितलं, वाकल्या आणि शेकोटीच्या बाजूचं बटण दाबलं. आतला पंखा घुरघुरला. खालच्या जाळीतून गरम हवा आली, आधी बोटांना लागली, मग तळव्यांना, मग मनगटांपर्यंत चढली. म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"बंद कर गं पोरी," मग तो हळूच म्हणाला. "उगाच सवय लागायची."