बटणावरचं कुंकू

"अगं, यंत्र चालू तरी कर! पूजा खोळंबलीये." खंडेनवमीचं तबक घेऊन भोईटे मॅडम लॅबच्या दारातूनच म्हणाल्या.

"इमर्जन्सीचं बटण आत जात नाहीये, मॅडम. वेळ आली तर हा रोबोटचा हात थांबवायचा कसा?" म्हणत शाल्मलीने ते लाल बटण खोललं आणि तिला हसूच फुटलं. गेल्या खंडेनवमीला मॅडमनी लावलेलं ओलं कुंकू फटीतून आत झिरपून दगडासारखं घट्ट झालं होतं.

तिने ते खरवडून काढलं आणि बटण पुन्हा बसवलं. दाबलं की खट्ट, फिरवलं की वर! पोरांनी टाळ्या पिटल्या.

यंत्र सुरू झालं. रोबोटचा हात झोकात वळला, तशा मॅडम कौतुकाने पुढे सरकल्या, नेमक्या त्याच्या वाटेत. शाल्मलीने बटणावर तळहात हाणला. रोबोट मॅडमच्या चष्म्यापासून वीतभर अंतरावर थबकला.

मॅडमनी चष्मा सावरला आणि कुंकवात बोट बुडवलं.

"बटणाला नको!" सगळा वर्ग ओरडला.

"कळतंय रे!" म्हणत त्यांनी शाल्मलीचा हात ओढला आणि तिच्या तळहातावर कुंकू लावलं.