एका पानाची जागा

या मायबाप, अंमळ जवळ सरकून बसा. कीर्तन उभं राहायला अवकाश आहे, तोवर आमच्या घोडपदेवच्या चाळीतली गोष्ट सांगतो.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती, त्या वर्षीची. कीर्तनाला येणारी म्हातारी माणसं जमिनीवर अवघडून बसतात, म्हणून कुशाबा गवंड्याने विठोबाच्या देवळापुढे सिमेंटचा बाक घडवला आणि बाकाच्या पाठीवर काचेची तुळस मांडली. पानांसाठी चाळीतल्या सवाष्णींनी आपापल्या पिचलेल्या हिरव्या बांगड्या दिल्या; जिचं तिचं एकेक पान. राहिली फक्त त्याची नवी सून, सुभद्रा.

"मामंजी, माझी एकसुद्धा पिचली नाही हो," ती हिरमुसून म्हणाली. "मग माझं पान नाहीच का?"

कुशाबा हसला. "पिचात गो एखादी भांडी घासताना. तवसर तुज्या पानाची जागा राखून ठेवतंय."

तिचा नवरा दौलत सदरा चढवत होता. "आज जोर लावून घास गो भांडी!" असं तिला चिडवत तो मोर्चाला गेला.

दुपारी मोर्चावर गोळीबार झाला.

***

दुसऱ्या दिवशी सुभद्रा भुंड्या हातांनी बाकापाशी आली आणि ओंजळभर हिरवी काच तिने सासऱ्यापुढे धरली.

कुशाबाला थापी उचलवली नाही. ते पान अजून कोरंच आहे. त्या बाकाला पाठ टेकलीत, तर आमच्या दौलतची आठवण काढा.