ओली खूण

चेंडू रेषेपाशी पडला, रेषापंचाने हात बाजूला केला आणि "आऊट" असा पुकारा झाला. लातूरच्या त्या मैदानावर टाळ्यांचा कडकडाट उठला. मातीच्या कोर्टावरील टेनिसचे राज्य अजिंक्यपद अक्षराने जिंकले होते. स्पर्धेचे चिटणीस दयानंदराव इतके उतावीळ, की त्यांनी फळ्यावर खडूने लिहूनही टाकले : अक्षरा विजयी, तिसरा सेट ६-४.

कोर्टाच्या कडेला झाडणी धरून शिवप्पा उभे होते. विटा आणि जुनी कौले कुटून, चाळून, पाणी देऊन, रूळ फिरवून हे कोर्ट त्यांनीच घडविले होते. त्यावर अनवाणी पावलांखेरीज त्यांनी कधी पाय ठेवला नाही. अक्षरा त्यांचीच मुलगी. तरीही त्यांचे हात टाळीसाठी उठले नाहीत. त्यांची दृष्टी रेषेवर खिळली होती.

जाळ्यापलीकडून मुदखेडची मंजुश्री म्हणाली, "सर, बॉल आत होता. खूण बघा."

मुख्य पंच उंच खुर्चीवरून उतरले. मातीवर चेंडू आपला ठसा ठेवून जातो, म्हणून ही तपासणी. पण तेथे ठसे दोन निघाले : एक रेषेला स्पर्श करणारा, दुसरा बोटभर बाहेर. पंचांनी दोन्ही पुन्हा पुन्हा न्याहाळले.

"यातला आत्ताचा कोणता, ते ठरत नाही," ते म्हणाले. "खूण ठरली नाही, तर पहिला निर्णय कायम."

शिवप्पा नुसते बघत राहिले असते, तरी अजिंक्यपद अक्षराचेच होते. शिवप्पांनी झाडणी खाली ठेवली.

"सायेब, जरा थांबा. सेटच्या आधी मी पाणी मारलंय. वरची माती उन्हानं सुकती, खालची ओलीच ऱ्हाती. नवी खूण काळपट दिसती, जुनी फिक्कट पडती. बोट लावून बघा."

"अहो शिवप्पा!" दयानंदराव कळवळले. "तुम्ही पोरीचे बाप, का मंजुश्रीचे वकील?"

"पोरगी माझी हाय, दयानंदराव. कोर्ट बी माझंच हाय."

पंच गुडघ्यावर बसले. बाहेरच्या ठशाला त्यांनी बोट लावले; कोरडी धूळ हाताला आली. रेषेवरच्या ठशाला लावले. बोट ओल्या मातीने लाल झाले.

"चेंडू आत. फटका अक्षराच्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून गुण मंजुश्रीचा. ड्यूस."

सेटमध्ये पाच-चार अशी आघाडी अजून अक्षराचीच होती. परंतु विजयासाठी आता लागोपाठ दोन गुण हवे होते. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "अप्पा, आज घरी जेवाय मिळणार न्हाई बघा!"

लोक हसले. शिवप्पांनी मुलीकडे पाहिले. पाचव्या वर्षी त्यांच्यामागे रुळाचा दांडा धरून चालणारी ती पोर, आज हातातल्या रॅकेटच्या तारा बोटांनी सारख्या करीत शांत उभी होती.

"अप्पा, तेवढं झाडून घ्या," ती म्हणाली. "पायाखाली येतंय."

शिवप्पांनी रेषेवरून झाडणी फिरवली. वाकून चिमूटभर माती कपाळी लावली आणि ते अनवाणी पावलांनी मागे सरले.

तिकडे दयानंदराव ओले फडके घेऊन, मान खाली घालून फळ्याकडे निघाले होते. अक्षराने चेंडू एकदा मातीवर आपटून हातात झेलला आणि त्यांना हाक मारली.

"काका, पुसू नका. नाव बी तेच ऱ्हाणार हाय, आकडा बी तोच."