मागचं दार

शिक्षण खात्याच्या कचेरीत साहेबांनी कागद पुढे सरकवले. आईने एक पान उलटलं, मग दुसरं. वर शाळेचं नाव, खाली पानाचा क्रमांक आणि मधली ओळ न् ओळ काळी केलेली. इतके खेटे घालून हाती पडलं ते हे. शाई मात्र सढळ हाताने वापरली होती.

“यात मी वाचायचं काय?”

“आपत्कालीन आराखडा गोपनीय असतो, ताई. उद्या एखाद्या माथेफिरूच्या हाती पडला म्हणजे?” साहेब बोलायला गोड, पण ताकाला तूर लागू देतील तर शपथ. “झाकली मूठ सव्वा लाखाची, काय?”

“शाळेत धूर झाला त्या दिवशी माझी पोर सगळ्यात शेवटी बाहेर आली. अजून खोकतेय. तिला कुठल्या दाराने काढणार होते, एवढंच सांगा.”

“नियमात बसत नाही हो.”

त्या पानांचा बोळा करून याच्या तोंडावर फेकावा, असं तिला वाटलं. पण सात वर्षांची पोर शेजारच्याच खुर्चीवर पाय हलवत बसली होती.

“मागच्या दाराने,” पोर म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघू लागले.

“घंटा थांबलीच नाही, की जोडीचा हात धरायचा, रांगेने मागच्या दाराशी जायचं आणि दार उघडेपर्यंत गप्प उभं राहायचं.” पाठ केलेली कविता म्हणावी तसं तिने एका दमात म्हणून टाकलं आणि ती खोकली. “त्या दिवशी उघडलंच नाही. कुलूप होतं. मग आम्ही परत धुरातून पुढच्या दाराकडे आलो.”

साहेब उठले. त्यांनी आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग पोरीसमोर वाकून, नातीशी बोलावं तसं म्हणाले, “तू शहाणी आहेस ना? मग हे कुणाला सांगायचं नाही हं.”

पोरीने मान डोलावली. “चावी कुणाकडे असते, तेपण नाही?”

“तेपण नाही.”

उद्या सकाळी हिची वेणी घालून हिला त्याच शाळेत पाठवायचं होतं. आईने पोरीचे दोन्ही खांदे धरले.

“कुणाकडे असते गं? मला सांग. मी आई आहे ना तुझी?”

पोरीने आईकडे पाहिलं, मग साहेबांकडे. आणि दोन्ही हातांनी आपलं तोंड घट्ट दाबून धरलं.