तयार कान

"डावा खांदा, ठकू. किती वेळा सांगायचं?"

लेकीनं व्हायोलिन पुन्हा उजव्या खांद्यावर घेतलं होतं. वकिलानं ते उचलून डावीकडे ठेवलं.

"बाबा, इकडे ते वाजतच नाही."

"वाजतंय की चांगलं. बहाणे पुरे."

ठकू त्याला फक्त रविवारी मिळायची. एरवी आईकडे. खालच्या कोर्टाचा तो निकाल त्याच्या जिव्हारी लागला होता. आता अपील हरला, तर पोटची पोर कायमची पाहुणी.

पण गडी निर्धास्त होता. अपील ऐकणारे न्यायाधीश घरी कसलं संगीत ऐकतात, यावर तो ब्लॉग लिहायचा. कुणाच्या ड्रायव्हरला चहा पाज, कुणाच्या शिपायाला गोंजार, अशी खबर काढायची. लष्करी बँडवाले साहेब तारीख वाढवून देत नाहीत, रडकी गाणी ऐकणाऱ्या बाईंपुढे जामीन हमखास, असली त्याची गणितं. वकीलमंडळी ती चवीनं वाचायची.

त्याचं अपील ज्यांच्यापुढे लागलं, ते न्यायमूर्ती व्हायोलिनवर जीव टाकायचे. हे कळलं त्याच आठवड्यात घरात व्हायोलिन आलं. ब्लॉगवर त्यानं लिहिलं, 'साहेबांचा कान तयार आहे. त्यांच्यापुढे बेसूर काही खपत नाही.'

लिहिताना ठकूच्या आईचा फोन आला. त्यानं कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. काय बोलायचं ते कोर्टात बोल म्हणावं.

"ठकू, दप्तर भर," त्यानं खुर्चीतूनच सांगितलं.

पोरगी त्याच्या उजव्या हाताला, शेजारीच चित्र रंगवत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. आईनंच फूस लावली असणार, दुसरं काय. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुनावणीच्या दिवशी न्यायमूर्तींनी तिघांना आपल्या खोलीत बोलावलं. ठकूनं व्हायोलिन आधी उजव्या खांद्यावर घेतलं, मग बाबांकडे पाहून डावीकडे नेलं आणि वाजवलं. न्यायमूर्ती डोळे मिटून ऐकत होते. वकील मनातल्या मनात मांडे खाऊ लागला.

वाजवून झाल्यावर न्यायमूर्ती उठले. ठकूच्या मागून डाव्या बाजूला येऊन हळूच म्हणाले, "बाळ, हे कुणी दिलं तुला?"

ठकू व्हायोलिन पेटीत ठेवत राहिली.

"साहेब, हेच ते," वकील पुढे सरसावला. "कुणाला उत्तरच द्यायचं नाही, असं आईनं शिकवलंय. माझ्याशीही अशीच वागते. दर रविवारी."

"दर रविवारी?"

"हो, साहेब. कधीपासून सोसतोय मी."

न्यायमूर्ती मागूनच तिच्या उजव्या बाजूला गेले. तितक्याच हळू आवाजात त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"बाबांनी," ठकू लगेच वळून हसली.

तिची आई काही बोलणार होती. न्यायमूर्तींनी तिला हातानंच थांबवलं आणि ते वकिलाकडे वळले.

"हिला डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"